मानसिंग डॉक्टरांची चिठ्ठी

११ जानेवारी, शनिवार

नाही म्हणाले. परत नाही!

सकाळी नंबर लावला, आत घेतलं दुपारी. मानसिंग डॉक्टर मला बघून आधी हसतात, मग वजनकाट्याकडं बोट करतात. एकशे अठरा. मी त्यांच्याच घरचं खाऊन आल्यासारखा चेहरा केला त्यांनी.

माझ्या सबानं सांगलीच्या डॉक्टरांकडून आणलेला ऑपरेशनच्या माहितीचा कागद पुढं ठेवला. अर्धाच वाचला. "शकिलाबी, आवं चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं? त्यापरास तोंडाला कुलूप घाला. सकाळी तारळीच्या पुलापतोर चालत जावा."

चालत जावा! दुकानापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत गेले तरी मी भिंत धरते. गेल्या वर्षापासून नमाज खुर्चीवर. हे त्यांना माहीत नाही? आठ वर्षं माझी शुगर बघतायत. गुडघ्याची गोळीही तेच देतात.

बाहेर आल्यावर सबाचे अब्बा म्हणाले, "तू रिक्षात बस, मी गोळ्यांचं विचारून येतो." आणि परत आत. दर वेळी हेच. गोळ्या त्याच, डबी तीच. काय एवढं विचारायचं असतं कुणास ठाऊक!

ही वही सबानं आणून दिली. पोरगी सांगलीला विश्रामबागेत फार्मसीला आहे, तिथूनच तिनं त्या ऑपरेशनच्या डॉक्टरांचा शोध लावला. "अम्मी, जे खाशील ते लिहीत जा, डॉक्टर विचारतील." दोन दिवस भाकरी-आमटी लिहिली. आज भाकरी लिहायची इच्छा नाही. घरात आमची बोली निराळी, पण शाळा मराठी झाली, लिहायला बसलं की मराठीच येतं. आणि सबाच्या अब्बांना मराठी वाचायचा कंटाळा. बरंच आहे ते.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

पूर्वी मी गादीवर मांडी घालून बसायचे. बाई समोर, तिचा हात माझ्या गुडघ्यावर. तिला बोलतं करायचं, हात सैल पडला की बांगडी चढवायची. कधी चढली तिला कळायचं नाही. सगळं उंब्रज म्हणायचं, शकिलाबीकडं हात दुखत नाही. आता मांडी गेली. मी स्टुलावर, बायका उभ्या. उभ्या बाईचा हात ताठच राहतो. आज तीन बांगड्या वाढल्या. एका बाईच्या मनगटाला काच लागली. तिनं शेजारणीकडं बघितलं ना! मला दिसलं.

राहीबाई आली होती. आमची मैत्री लग्नाआधीची, तिला माझ्याशी बोलायला भीडभाड नाही. "तुजी तब्येत लय झाली बग. आन हे बग, माझ्या पूजाचं लगीन अक्षय तृतीयेला हाय. चुडा तूच भरायचा. घरी येऊन, खाली बसून. स्टूल-बिल घिऊन आलीस तर दारातनं माघारी लावीन!"

पूजाच्या हातात पहिली बांगडी मी घातली होती, बारशाला. येणार म्हटलं. कशी बसणार, ते नाही सांगितलं.

आणि एवढ्या गर्दीत सबाचे अब्बा गल्ल्यावर डुलक्या घेत होते! एक बाई पैसे हातात धरून उभी, आणि हे तोंड उघडं टाकून. बायका हसल्या. मला लाज वाटली.

१४ जानेवारी

रात्री ह्यांनी परत हलवून उठवलं. कितीदा ते मोजायचं सोडलं. "घोरत होतीस." घोरले तर घोरले! बायकोला घोरू देत नाही असा नवरा साऱ्या कराड तालुक्यात एकच असेल, तो माझ्या वाट्याला आला. सकाळी डोकं धरलं होतं. तिळगूळ दोन खाल्ले. लिहिले. झालं समाधान?

२५ जानेवारी, शनिवार

सांगलीला जाऊन आलो. डॉक्टर शंभूराज तरुण आहेत, सबापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडंही काटा आहे. मी चढले, त्यांनी आकडा लिहिला आणि "बसा" म्हणाले. हसले नाहीत. एवढ्यानंच मला रडू आलं. वेडीच मी.

नीट समजावून सांगितलं. पोट कापून टाकत नाहीत, दुर्बिणीतून लहान करतात. मग थोडं खाल्लं की पुरतं. शुगर उतरते, गुडघ्यावरचा भार कमी होतो. "पण मावशी, ऑपरेशन हा एका दिवसाचा मामला आहे. पुढची सगळी वर्षं रक्त तपासायचं, गोळ्या कमी-जास्त करायच्या, जीवनसत्त्वं द्यायची. दर वेळी तुम्ही उंब्रजहून इथं येणार का? तुमचे जे जवळचे डॉक्टर आहेत, त्यांची चिठ्ठी आणा. मी सोबत आहे, मी बघीन, एवढं त्यांनी लिहून द्यायचं. त्याशिवाय मी हात लावत नाही."

सबाचे अब्बा टोपी हातात धरून बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "भूल पुरी देता?" डॉक्टर हो म्हणाले. मग हे टोपीच फिरवत बसले.

एसटीत म्हणाले, "मानसिंग डॉक्टर व्हय म्हणाले तर करू. सबाच्या वक्ताला त्यांनीच तुला वाचवलं. त्यांच्या शब्दाबाहेर आपण न्हाई." मलाही ते खरं वाटलं. त्या रात्री अंगावरून पाणी गेलं होतं म्हणून स्वतःच्या गाडीत घालून कराडला नेलं होतं त्यांनी मला. म्हणून तर त्यांच्या नकाराचा इतका त्रास होतो. परका असता तर दोन शिव्या देऊन विसरले असते.

१० फेब्रुवारी, सोमवार

मानसिंग डॉक्टरांनी चिठ्ठीलाही नाही म्हटलं, म्हणून कराडला दुसऱ्या डॉक्टरांना विचारून बघितलं. सबाच्या ओळखीतून. ते म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मानसिंग सरांकडं आहात. ते नको म्हणतायत आणि मी लिहून देऊ? उद्या मला त्यांना तोंड दाखवायचंय."

म्हणजे माझ्या पोटाला मालक आहे, आणि तो उंब्रजच्या दवाखान्यात बसतो!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मात्र काहीतरी हाती लागलं.

मानसिंग डॉक्टर म्हणाले, "तुमचा रमजान येतोय. महिनाभर रोजे धरता नव्हं? मग पाच-सहा किलो उतरवून दाखवा. जिद्द दिसू दे मला. मग लिवतो." भर दवाखान्यात बोलले, कंपाउंडर साक्षीला होता. रोज्यासाठी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या.

मी म्हटलं, "झोपेचं पण बघा की. दिवसभर पेंग येती, सकाळी डोकं फुटतं." "जेवून लगेच आडव्या होता. ॲसिडिटी." एक गोळी वाढवली. सबाचे अब्बा शेजारीच बसलेले. ते चपलेकडं बघत होते.  म्हणाले असते की बायकोची झोप खरंच होत नाही, तर काय जीभ झिजली असती?

बाहेर आलो. "तू हो पुढं, मी गोळ्यांचं—" विचारा, विचारा!

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. उतरवणारच.

१४ मार्च, शुक्रवार

इफ्तारला एक खजूर, पाणी, कलिंगडाची फोड. मग अर्धी ज्वारीची भाकरी आणि भाजी. समोर सगळ्यांसाठी कांदाभजी मीच तळते, त्याचा वास नाकात बसतो. आणि सबाचे अब्बा माझ्या ताटात भजी सरकवतात! "एक खा. दिवसभर उपाशी हायस." मी परत सरकवते. ते पुन्हा. मी कशासाठी झटतेय हे माहीत असून? आज मी ओरडले. रोजा ठेवून ओरडले, त्याचं वाईट वाटलं. भज्यांचं नाही वाटलं.

सहेरीसाठी उठवायची गरजच नाही, रात्रभर हलवतातच. दुपारी दुकानात हे आणि मी दोघंही पेंगतो. गिऱ्हाईक आलं तर बांगड्या घेऊन पळून जाईल.

३१ मार्च, सोमवार

ईद. शीरखुर्मा दोनच चमचे. राहीबाई येऊन दोन वाट्या प्याली आणि वर मलाच बोलली, "सणाला तरी तोंड बंद ठिवू नगंस गं." हसले. आतून फार खूश आहे. सलवारीची नाडी आत ओढावी लागते. शनिवारी दवाखाना.

५ एप्रिल, शनिवार

एकशे अकरा. मी काट्यावरच उभी राहिले, पुन्हा बघा म्हटलं. एकशे अकराच.

मानसिंग डॉक्टर टेबलावर हात मारून काय म्हणाले? "बघा! उतरतंय की! मग आपरेशन कशाला पायजे?"

मला आधी कळलंच नाही. चिठ्ठी, म्हटलं. "कशाची चिठ्ठी? हे असंच चालू ठेवा. वर्षात निम्म्या व्हाल."

म्हणजे उतरलं नाही तर जिद्द नाही, आणि उतरलं तर गरज नाही! मग माणसानं करावं तरी काय? महिनाभर थुंकीसुद्धा विचार करून गिळली. हे का वर्षभर चालतं? मागच्या रमजानला चार किलो उतरले होते, मोहरमपर्यंत सहा चढले. त्याच्या मागच्या वर्षी तेच. हे सगळं त्यांच्याच कागदांवर लिहिलेलं आहे, त्यांच्याच अक्षरात. वाचत नाहीत का? का वाचूनसुद्धा मीच खोटी?

सबाचे अब्बा आतून गोळ्यांचं विचारून आले. मी रिक्षात रडत होते. म्हणाले, "जाऊ दे. डॉक्टरला कळतंय सगळं." गप्प बसा म्हटलं.

६ एप्रिल

भजी खाल्ली. ताटभर. रागानं. कुणाच्या बापाचं काय जातं?

२८ एप्रिल, सोमवार

लिहू का नको असं झालंय. लिहितेच.

राहीबाईच्या घरी चुड्याला गेले. मांडवात सतरंजी घातलेली, पूजा पाटावर, भावकीतल्या बायका गोल करून. सगळ्या माझीच वाट बघत होत्या. मी बसले. खाली. कशी बसले ते अल्लाला ठाऊक, पण बसले. पूजाचा हात गुडघ्यावर घेतला. दोन-चारचं माप, मऊ हात. तिला विचारलं, नवरा फोनवर काय बोलतो? लाजली आणि हात सैल पडला. हिरवा चुडा भरला, एकही वाढली नाही. मग आईला, काकीला, मावशांना, आत्यांना. दुपार कधी टळली कळलं नाही. कितीतरी दिवसांनी मी माझी मी होते.

मग उठायची वेळ आली.

उठताच येईना. एक हात जमिनीला, एक राहीबाईच्या खांद्याला, गुडघा वळेचना. दोघी आल्या, चौघी आल्या. शेवटी राहीबाईचा पुतण्या शिवतेज, फौजेतला, सुट्टीवर आलेला, त्यानं मागून काखेत हात घालून उचललं. परका पुरुष. भर मांडवात. पोरानं चांगुलपणानं केलं, "काकी, सावकाश," म्हणाला. कोणी हसलं नाही. सगळ्या बायका मुद्दाम दुसरीकडं बघू लागल्या, कोणी चहाचं विचारू लागली. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

राहीबाई रिक्षापर्यंत आली. "शकिला, घे करून ते आपरेशन. आनी किती दिस त्या डॉक्टरच्या दारात उभी ऱ्हाणार हायस?"

मलाही तेच विचारायचंय. कुणाला विचारू?

९ मे, शुक्रवार



सबाचे अब्बा माल आणायला कोल्हापूरला गेले. मी दुकान बंद केलं आणि रिक्षा करून एकटीच मानसिंग डॉक्टरांकडं गेले. ते दाराकडं बघतच राहिले. "एकट्याच? पीरमहंमद कुटं हाय?"

मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आज चिठ्ठी द्या. न्हाईतर मी तुमचं काय वाईट केलंय ते तरी सांगा." आवाज चढला. बाहेरचे पेशंट ऐकत होते. ऐकू दे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शकिलाबी, मला कशाला धरताय? तुमच्या घरातनंच नको म्हणत्यात. तवा मी कसं लिवू?"

"कुणाच्या घरातनं?"

"आवं, दर वेळी पीरमहंमद परत आत येतोय नव्हं. हात जोडतोय. लिहून देऊ नका, कायतरी सांगून टाळा म्हणतोय. आता घरच्या माणसाची मर्जी नसताना मी—"

पुढचं ऐकू आलं नाही. गोळ्यांचं विचारून येतो! तू रिक्षात बस!

दर वेळी. प्रत्येक वेळी. मी बाहेर घाम पुसत बसायचे आणि आत हे हात जोडायचे. आणि मला सांगायचे, मानसिंग डॉक्टर व्हय म्हणाले तर करू! मी रोजे काढले. मी काट्यावर उभी राहिले. मांडवात मला पोत्यासारखं उचललं. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी ह्यांचे जोडलेले हात.

१० मे

बोलले नाही.

१२ मे

अजून नाही. "काय झालंय तुला?" विचारतात. "गोळ्यांचं विचारून या," म्हटलं. चेहरा उतरला. कळलं त्यांना.  दुकानात जाऊन बांगड्यांच्या माळांचे खोके उगीच वर-खाली करत बसले.

सबाला फोन केला, रागात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अब्बा असं का करतील?" तेच तर. त्यांना मी अशीच पाहिजे? की पैशाचा विचार आहे? पैशाचं तर ह्यांनीच आधी जमवलं. मग काय? बायको बारीक झाली तर लोक काय म्हणतील, हे? पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले त्याच्या मनातलं मला माहीत नाही.

१५ मे, गुरुवार

आज बाजाराला म्हणून ह्यांना घेऊन निघाले आणि रिक्षा दवाखान्यावर थांबवली.  हे आले मागून.

आत दोघं बसलो. मानसिंग डॉक्टर एकदा माझ्याकडं, एकदा ह्यांच्याकडं. मी म्हटलं, "आज मी रिक्षात जात न्हाई. हितंच बसते. तुमी विचारा गोळ्यांचं."

  मग हे उठले. मला वाटलं निघाले. दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. टोपी हातात.

"डॉक्टरसाहेब, बाईमाणूस रातीला कशी निजती हे परक्या म्होरं बोलायचं न्हवं. आमच्यात तर न्हाईच. म्हून बोललो न्हाई."

"बोल की रं. मी परका हाय व्हय?"

"हिचा दम थांबतोय." खाली बघूनच बोलत होते. "घोरता घोरता एकदम गप. छाती हलत न्हाई. मी हलवतो. मग हुंदका दिल्यागत दम घेती आन परत निजती. जरा येळानं परत तेच. मी डोळं मिटलं न्हाई तवापासनं. तिथं सांगलीला हिला पुरी भूल देणार. त्यात दम थांबला तर? तिथं हलवायला कोण हाय?"

डॉक्टरांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. "कवापासनं चाललंय हे?"

"सबा हायस्कुलात हुती तवापासनं."

"आन हे तू मला आज सांगतुयास? दर वेळी आत येत हुतास, नको नको म्हणत हुतास, एकदा तरी सांगायचं का नको म्हणतोस ते! मी हिला ॲसिडिटीच्या गोळ्या चारतोय! आरं गड्या, वजनानं गळा दबतोय तिचा. ह्याच्यासाठीच तर आपरेशन पायजे! हे असंच ऱ्हायलं तर एक दिवस तू हलवशील आन ती उठायची न्हाई."

ह्यांनी टोपी तोंडावर धरली. मी ह्यांना रडताना आधी एकदाच बघितलंय, त्यांच्या अम्मी गेल्या तेव्हा.

मी रडले नाही. मला राग आला होता. आधी कधी आला नव्हता एवढा. माझा श्वास थांबतो आणि मलाच माहीत नाही! नवऱ्याला माहीत. लाजेखातर सांगितलं नाही. डॉक्टरांना मी तोंडानं सांगितलं झोप होत नाही, तर गोळी. दोघांनी मिळून माझं ठरवलं आणि मी बाहेर रिक्षात!

मी हे सगळं बोलले. तसंच्या तसं. डॉक्टर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "चुकलं माझं. आधी तुमाला विचारायला पायजे हुतं." हो, पाहिजे होतं, म्हटलं.

तिथंच सांगलीला फोन लावला. डॉक्टर शंभूराजांशी बराच वेळ बोलले, इंग्रजीतून. मग कागद घेतला आणि चिठ्ठी लिहिली. आधी झोपेची तपासणी, मग श्वासाचं मशीन, मग ऑपरेशन, आणि नंतरचं सगळं मी बघीन. वाचून दाखवली मला. मला, ह्यांना नाही.

पर्समध्ये ठेवलीय. राग अजून आहे.

२ जून, सोमवार

विश्रामबागेत एक रात्र डोक्याला, छातीला वायरी लावून झोपवलं. सकाळी डॉक्टर शंभूराजांनी कागद बघितला आणि ह्यांना म्हणाले, "काका, तुम्ही हलवत होता म्हणून मावशी आज इथं आहेत." हे मान खाली घालून उभे. मी खिडकीतून बाहेर बघत होते. आपण पाच-सहा वर्षं ज्या माणसाला शिव्या दिल्या, दुकानात झोपतो म्हणून चारचौघींत बोललो, त्याच्याकडं लगेच कसं बघणार?

आणि तरी तो खोटं बोलला. तेही खरं आहे.

७ जून, शनिवार

बकरीद. मशीन घरी आलंय. नाकावर मास्क, त्यातून हवा. सकाळी डोकं दुखत नाही! नवीनच वाटतं. पण सबाचे अब्बा तरी हलवतातच. "काय झालं?" "काय न्हाई. चालू हाय का बघत हुतो." म्हटलं मशीन बंद पडलं तर शिट्टी वाजते. "वाजली न्हाई तर?" ह्यांच्यापुढं हात टेकले.

६ जुलै, रविवार

ऑपरेशनची तारीख पंधरा जुलै ठरली. त्याआधी दोन आठवडे नुसतं पातळ. ताक, सूप, डाळीचं पाणी. आता पाण्याचासुद्धा राग येतो. राहीबाईला फोनवर सांगितलं नागपंचमीला दुकान बंद राहील. "मग मी पंचमीला हात मोकळा ठिवती. तू आल्यावरच भरीन." म्हटलं, अगं सणाला मोकळा हात? "मग लवकर ये!" आणि फोन ठेवला.

१४ जुलै, सोमवार

सांगलीला दवाखान्यात दाखल. उद्या सकाळी.

नर्स म्हणाली, बांगड्या काढाव्या लागतील, निघत नसतील तर कापू. माझ्या कित्येक वर्षांत निघालेल्या नाहीत. दोन-चारच्या काचा दोन-दहाच्या हातात रुतून बसल्यात. मी म्हटलं, कापा. सबाचे अब्बा म्हणाले, "न्हाई." साबणाचं पाणी मागितलं. खाटेपाशी स्टूल ओढून बसले, माझा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि अंगठा दाबून धरला. "हात सैल सोड," म्हणाले. आयुष्यभर मी बायांना हेच सांगितलं. सोडवेना. मग विचारलं, "शिवतेजनं उचलली तवा लय लाज वाटली?" मला हसू आलं, रडूही आलं, आणि पहिली निघाली. एकही वाढली नाही. सगळ्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या.

मग भूल देणारे डॉक्टर आले. ह्यांनी त्यांचा हात धरला. "साहेब, दम थांबला तर हलवाल नव्हं?" ते हसले नाहीत. "काका, मी पूर्ण वेळ त्यांच्या उशाशी असतो. माझं कामच तेवढं आहे. ऑपरेशन दुसरे करतात. मी फक्त श्वास बघतो." ह्यांनी दोनदा विचारून घेतलं. कुठं जायचं नाही, चहालासुद्धा नाही.

राग गेला का? सगळा नाही. घरी गेल्यावर थोडा बोलून घेणार आहे.

१६ जुलै, बुधवार

झालं. पोटात दुखतं, तोंड कोरडं. जास्त लिहवत नाही.

काल डोळे उघडले तर सबाचे अब्बा समोर बाकड्यावर. बसल्या बसल्या झोपलेले, टोपी खाली पडलेली, तोंड उघडं, केवढ्यानं घोरत होते! सबा म्हणाली, भूल देणारे डॉक्टर बाहेर येऊन "श्वास चांगला आहे" म्हणाले, आणि अब्बा तिथंच बसले ते झोपलेच. नर्स वैतागून उठवायला निघाली.

मी हातानं नको म्हटलं.